वाक्य पुरं होईपर्यंत

माझा मामा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या बोळक्या तोंडाचा ठसा घेऊन त्याच्याकडे पाठवतात. मामा त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढतो, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवतो, तिच्यात एकेक दात बसवतो, आणि शेवटी सगळं प्रकरण पितळी डबीत आवळून उकळत्या पाण्यात सोडतो. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं मामाच्या दातांनी हसतात. रस्त्यात समोरून कोणी हसत आलं की मामा चेहऱ्याआधी दात ओळखतो. "वरचे आपले," माझ्या कानात सांगतो, "खालचे दुसऱ्या कोणाचे तरी. बघ कसे भांडताहेत."

या धंद्यात काम थोडं आणि वाट बघणं फार. प्लॅस्टर आवळून घट्ट व्हायची वाट बघा, मेण थंड व्हायची बघा, पाण्याला उकळी यायची बघा. बरं, यातली कुठलीच वाट इतकी लांब नसते की माणसाने एक डुलकी काढावी, आणि इतकी आखूडही नसते की नुसतं उभं राहावं. चहा करावा, प्यावा, कप विसळून पालथा घालावा, एवढीच.

मामा-मामीचा सगळा संसार या फटींमध्ये झाला. मामाची कामाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती चौकट आहे, दार नाही. मामी त्या चौकटीत स्टूल टाकून बसायची आणि बोलायची. ती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत नोकरीला होती. गाडी चुकलेल्या माणसाला ती असं काही सुनवायची की पुढच्या वेळी तो आदल्या दिवशी येऊन बसत असेल. कामावरून आली की दिवसभराचे प्रवासी ती घरात पुन्हा एकदा उतरवायची, त्यांच्या आवाजासकट. मामा 'हं' म्हणायचा. प्लॅस्टर आवळलं की तो वळायचा आणि मामी उठायची. परत काहीतरी थंड व्हायला ठेवलं की ही परत स्टुलावर. "कुठे होते मी?" "तो छत्री विसरलेला माणूस." "हां, तर तो..." मी पाण्याच्या ऑफिसात कामाला लागल्यापासून त्यांच्या माळ्यावर राहतो. माळ्याच्या जमिनीतून मामीची गोष्ट वर येत असे आणि ती संपल्याशिवाय मला खाली उतरवत नसे.

दोन वर्षांपूर्वी मामीला झटका आला.

हात परत आला. पायही बऱ्यापैकी परत आला. बोलणं तेवढं मागे राहिलं. शब्द आत असतो, दारापर्यंत येतो, पण त्याला कडी सापडत नाही. मामी तोंड उघडते, थांबते, डोळे बारीक करते, उजव्या हाताची बोटं मांडीवर आपटते, आणि खूप वेळाने एखादा शब्द बाहेर पडतो. कधी भलताच. मग ती मान हलवून तो परत पाठवते आणि दुसऱ्याला बोलावते.

बोलणं शिकवायला एक बाई येतात. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण मामा त्यांच्यापुढे गृहपाठ न केल्यासारखा उभा राहतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मामाला बजावलं होतं, "काका, एक लक्षात ठेवा. काकूंचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. शब्द पुरवायचा नाही. समोर बसायचं, त्यांच्याकडे बघायचं आणि थांबायचं. समोरचा थांबतोय हे दिसलं तरच माणूस प्रयत्न करतो."

"थांबणं?" मामा खुशीत म्हणाला होता. "अहो, तो तर माझा धंदाच आहे."

तिथेच घोडं पेंड खात होतं, ते आम्हाला कोणालाच कळलं नाही. कारण तोवर मामाचं थांबणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. ते फोनमध्ये गेलं होतं.

यात आपल्याला मामाला नुसतंच हसता येत नाही, हीच पंचाईत आहे. मामी दवाखान्यात असताना नातेवाईक भरपूर येऊन गेले. प्रत्येकाकडे झटक्याची एक गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोणीतरी वारलेलं होतं. ते गेले की मामा बाकावर एकटा. तिथे बसल्या बसल्या त्याला सोशल मीडियावर एक ग्रुप सापडला, झटका आलेल्यांच्या घरच्यांचा. देशोदेशीची मराठी माणसं, कोणाचा बाप, कोणाची बायको. त्यात 'सायकलवाली आजी' नावाची एक बाई होती. फोटोच्या जागी नुसती सायकल. तिने मामाला पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्ही आज जेवलात का?" मामीच्या आजारात मामाला हे विचारणारी ती पहिली. मामा तेव्हा बाकावर बसून रडला होता. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा "डोळ्यात प्लॅस्टर गेलं" म्हणाला. दवाखान्यात, प्लॅस्टर.

मग मामी घरी आली आणि मामा ग्रुपवर लिहू लागला. 'आज ही पाणी म्हणाली.' शेकडो बदाम. 'आज हिने माझ्याकडे बघून अहो म्हटलं.' बदामांचा पाऊस. कुठल्या कुठल्या देशातून लोक मामीचं अभिनंदन करायचे. मामा कामाच्या खोलीत उभ्या उभ्या वाचायचा, हसायचा, एकेकाला उत्तर द्यायचा. मग ग्रुपच्या वाटेने आणखी काय काय आत शिरलं. मांजरं शिरली, पूल कोसळले, कोणी तरी कोणाला तरी राजकारणावरून शिव्या घातल्या, एक माणूस रोज कुऱ्हाडीने लाकडं फोडायचा आणि मामा ते बघायचा. प्लॅस्टर ओतलं की फोन. मेण ठेवलं की फोन. शाळेत आम्ही 'विज्ञान: शाप की वरदान' या निबंधात दोन्ही बाजू लिहून मोकळे व्हायचो आणि मार्कही मिळायचे. मामाच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू एकाच खिशात होत्या.

आता मामी चौकटीत स्टुलावर बसली की काय व्हायचं ते सांगतो. ती पहिला शब्द शोधायची. तो सापडेपर्यंत मामा थांबायचा, खरंच थांबायचा, भुवया वर करून, श्वास रोखून. शब्द बाहेर आला की मामाचा चेहरा असा उजळायचा की विचारू नका. आणि त्या आनंदात हात खिशात जायचा. ग्रुपला कळवायला नको? तो दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत असताना मामीचा दुसरा शब्द दारात उभा असायचा. थोडा वेळ थांबायचा आणि परत आत जायचा.

एकदा मामी म्हणाली, "नको."

मामा हरखला. 'नको' नवीन होता. लगेच पोस्ट: 'आज ही स्पष्ट नको म्हणाली! आमच्या जुन्या दिवसांची आठवण झाली.' वर एक डोळा मारणारा चेहरा. लोक लोटपोट. बदाम, टाळ्या, 'काकू परत फॉर्मात!'

संध्याकाळी सायकलवाल्या आजीने खाली एवढंच लिहिलं: "काय नको म्हणाल्या?"

मामा ते वाचून माळ्याच्या जिन्यापाशी आला. "अरे, ऐक ना. ती दुपारी नको म्हणाली तेव्हा तू घरात होतास?"

"ऑफिसात होतो."

"काय नको असेल?"

"मला काय विचारतोस? मामीला विचार."

त्याने विचारलं. मामीने त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि नुसती मान हलवली. औषध नको होतं, की शेजारीण नको होती, की स्टुलावर बसणं नको होतं, देव जाणे. मामाने आजीला उत्तर दिलं नाही. लाकडं फोडणाऱ्याचा व्हिडिओही त्या दिवशी पुरा पाहिला नाही. मी वाकून पाहिलं तेव्हा तो आपल्याच जुन्या पोस्टवर होता. पाणी. अहो. उद्या. दार. नको. सगळ्या वाक्यांची सुरुवात त्याच्याकडे होती. पुढचं काहीच नव्हतं.

त्या आठवड्यात बाई आल्या आणि त्यांनी वही मिटली. "काका, काकू आता बोलायला बघतच नाहीत. बोटाने दाखवतात. हाताला लागलेली सवय आहे ही. असंच चाललं तर जे आलंय तेही जाईल. घरात त्यांच्याशी बोलायला बसतं कोण?"

"मी बसतो ना," मामा म्हणाला. एवढा बारीक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

मामाने सोशल मीडिया सोडायचं ठरवलं. ठरवण्यात तो आधीपासूनच पटाईत. सिगरेट त्याने इतक्या वेळा सोडली होती की शेवटी सिगरेटनेच त्याला सोडलं.

आधी त्याने ग्रुपवर निरोपाची पोस्ट टाकली. लांबलचक, हळवी. झालं, तिला आजवरच्या सगळ्या पोस्टपेक्षा जास्त बदाम पडले. "जाऊ नका काका", "तुमच्यामुळे बळ मिळतं", आणि एकाने तर कविता केली. आता एवढ्या लोकांनी एवढ्या प्रेमाने लिहिलंय तर उत्तर न देता जाणं बरं दिसतं का? मामा आठवडाभर निरोपाला आलेल्या उत्तरांना उत्तरं देत बसला.

"मामा, हे म्हणजे दारात उभं राहून 'येतो, येतो' म्हणत गप्पा मारण्यासारखं झालं," मी म्हटलं.

"तू गप रे. माणुसकी नावाची गोष्ट असते."

मग त्याने ॲप काढून टाकलं. परत टाकलं. परत काढलं. फोन कपाटात ठेवला तर दिवसातून शंभरदा कपाटाला काम निघू लागलं. माझ्याकडे द्यायचा म्हटलं तर दिवसभर डॉक्टरांचे फोन. धंद्याला फोन लागतोच.

शेवटी एका रविवारी मी खाली उतरलो तर मामाने बादलीत प्लॅस्टरची भुकटी काढून ठेवली होती. टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, आणि मामा त्या पिशवीला सगळीकडून काळजीपूर्वक व्हॅसलीन चोपडत होता.

"हे काय चाललंय?"

"पुरून टाकतोय. रविवारपुरता तरी. फोडल्याशिवाय निघणारच नाही. बघूच."

"आणि व्हॅसलीन?"

"म्हणजे काढताना चिकटत नाही. साचा स्वच्छ सुटतो."

"मामा, ज्याला खरंच सोडायचंय तो व्हॅसलीन लावत नाही."

मामाने पिशवीवर व्हॅसलीनचा शेवटचा हात फिरवला. मग गंभीरपणे म्हणाला, "चार्जिंगला एक भोक ठेवू का?"

मामी चौकटीतून सगळं बघत होती. तिच्या ओठांचा एक कोपरा जरा वर गेला.

फोन पुरला गेला. प्लॅस्टर आवळलं, गरम झालं, थंड झालं. जेवणं होईपर्यंत मामा त्या डब्याकडे पाठ करून बसला होता, शिक्षा झालेल्या मुलासारखा. आणि मग डबा वाजला. आवाज नाही, नुसती घरघर. अख्खा ठोकळा टेबलावरून हळूहळू कडेकडे सरकायला लागला. एकदा, दोनदा, सारखा. मामाचा जीव खालीवर. "डॉक्टर असतील. रविवारी करताहेत म्हणजे अर्जंट असणार. पेशंटला कवळी टोचत असेल. अरे, जेवायला बसला असेल तो!" पुढच्या क्षणाला करवत, हातोडी, छिन्नी, सगळं बाहेर. खोलीभर पांढरा धुरळा. ठोकळ्याची दोन शकलं झाली आणि फोन उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत बाहेर आला. ओरखडासुद्धा नाही.

फोन डॉक्टरांचा नव्हता. स्वस्तात गाद्या विकणाऱ्या कंपनीचा होता.

मामाने फोन पुसला. "आता निघालाच आहे बाहेर तर," असं काहीतरी पुटपुटला आणि खुर्चीत बसला. मामीने अर्धं शकल उचललं. आत फोनचा हुबेहूब ठसा, कोपऱ्यांच्या गोलाईसकट. ती ते घेऊन मोरीत गेली. मी नंतर हात धुवायला गेलो तर त्यात साबण ठेवला होता. अगदी बरोब्बर बसला होता.

मी हसत बाहेर आलो, मामाला दाखवायला. पण तोवर खोलीत दुसरंच काही चाललं होतं. मामी स्टुलावर येऊन बसली होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. बोटं मांडीवर आपटत होती. मामाने ते पाहिलं आणि फोन घाईने टेबलावर पालथा ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले. थांबला. पण त्याची नजर एकदा टेबलाकडे गेली. फक्त एकदाच, पाल चुकचुकावी तेवढा वेळ.

मामीची बोटं थांबली. ती उठली, टेबलापर्यंत गेली, तो फोन उचलला आणि मामाच्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली.

रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. आपल्याला काम असताना आई रडणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी देते ना, तसं. मग ती पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मामा फोन हातात धरून कितीतरी वेळ बसला होता. त्यात काही बघत नव्हता. मला जिना चढून वर जाववेना आणि तिथे उभंही राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आल्या आल्या त्याने फोन माझ्यापुढे धरला. "त्या खात्याचा पासवर्ड बदल. मला सांगू नकोस. मी मागितला तरी देऊ नकोस. शिव्या दिल्या तरी देऊ नकोस."

"आणि रडलास तर?"

"तर डोळ्यात प्लॅस्टर गेलंय असं समज."

त्याने निरोप लिहिला नाही. मी पासवर्ड बदलला, त्याच्या फोनवरून ॲप काढलं, खातं माझ्या फोनवर घेतलं, आणि मामाचे हाल सुरू झाले. प्लॅस्टर ओतलं की हात खिशात जाई आणि बायकोच्या माहेराहून रिकामा परतलेल्या जावयासारखा पडेल चेहऱ्याने बाहेर येई, असं मी त्याला म्हटलं तर त्याने मला मेणाचा गोळा फेकून मारला. त्याने माझ्या दिनदर्शिकेच्या पाठीमागचा मजकूर वाचून काढला. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. एकदा मी पाहिलं, साचा हातात धरून त्याचा अंगठा कोणाच्या तरी हिरडीवरून वर सरकत होता, पुन्हा पुन्हा, पुढचं काहीतरी दिसेल म्हणून.

मांजरं, पूल, लाकडं, सगळं त्याने पंधरवड्यात सोडलं. सुटेना ती एकच गोष्ट. तो जिन्याखाली येऊन उभा राहायचा.

"सहज विचारतोय. सायकलवाल्या आजीने काही लिहिलंय?"

"लिहिलंय. बरे आहात ना, विचारतेय."

"तिला लिही..." मामा थांबायचा. पायरीच्या कडेचा रंग नखाने उकरायचा. "नको. राहू दे. ... नाही, एवढंच लिही की जेवतोय म्हणावं. वेळेवर." आणि लगेच आत निघून जायचा, मी काय लिहिलं ते न बघता. मी तेवढंच लिहायचो. त्या बाईनेही कधी जास्त विचारलं नाही.

मामी मात्र बोलत नव्हती. मामा रोज थांबायचा. चौकटीसमोर खुर्ची ओढून, हात गुडघ्यांवर, डोळे तिच्यावर. मामी भाजी निवडायची, त्याच्याकडे बघायची, परत भाजी निवडायची. एकदा फसलेला माणूस लगेच दुकानात पाय ठेवत नाही. बाई येऊन जायच्या, तोंडाचे व्यायाम करून घ्यायच्या, जाताना मामाकडे बघायच्या. मामा खांदे उडवायचा. पण खुर्ची त्याने तिथून हलवली नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो आणि दारातच थबकलो, कारण आत दोघं हसत होते. मामाचं हसणं मला माहीत आहे, ते शिंकेसारखं येतं. पण मामीचंही होतं. जुनं, खिडकीतल्या नोकरीतलं, अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारं.

आत गेलो. मागच्या शेगडीवर डबी उकळत होती. टेबलावर ताजं ओतलेलं प्लॅस्टर होतं आणि मामा डोळे पुसत पुसत त्याला नख लावून बघत होता. आवळलं की नाही ते असंच बघतात. नख रुतलं तर अजून वेळ आहे.

"काय झालं?" मी विचारलं. "मामी काही म्हणाली?"

"म्हणाली."

"काय म्हणाली?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने मामीचा शब्द न् शब्द अनोळखी लोकांत वाटला होता, तो मला म्हणाला, "तिचं वाक्य आहे. मी कोण सांगणार? तिला विचार. पण बसून विचार. ते दप्तर आधी खाली ठेव."

मी बॅग ठेवली आणि मामाच्या शेजारी टेकलो. मामी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. एकदा सांगून झालेला विनोद परत सांगायचा म्हणजे धडधाकट माणसालाही कंटाळा येतो. पण तिने बोटं मांडीवर आपटली.

"हे..." ती मामाकडे हात करून म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. शेगडीवर पाण्याची गुडगुड. "हे... रोज... असं... बघतात."

"हो, बघतो ना," मी म्हटलं. मामाने माझा गुडघा दाबला. मी गप्प झालो.

मामी पुढच्या शब्दाच्या मागे लागली होती. तो काय असणार ते मला कळलं होतं, माझ्या जिभेवर येऊन बसला होता, आणि तो गिळून टाकणं किती कठीण आहे हे मला त्या दिवशी समजलं. खिशात माझा फोन थरथरला. मी हलवलासुद्धा नाही हात, खोटं कशाला सांगू, मामाने गुडघा धरून ठेवला होता.

"प्लॅ...स्टर," मामीने शेवटी त्याला बाहेर ओढलं. "मी... प्लॅस्टर... जशी." तिने श्वास घेतला. तिच्या डोळ्यांत बसस्टँडवरची ती बाई दिसायला लागली होती. "आता... एक दिवस... नख... लावून... बघतील."

मामा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसला. मीही. मामी आमच्यापेक्षा थोडी उशिरा हसली, कारण विनोद आम्हाला नीट लागल्याची ती आधी खात्री करून घेत होती.

मी उठायला लागलो. मला वाटलं, झालं.

"बस," मामा हळूच म्हणाला. तो मामीच्या हाताकडे बघत होता. बोटं अजून मांडीवर आपटत होती. "पुढे?" त्याने तिला विचारलं.

मामीने मान डोलावली. पुढे होतं. तिने डोळे बारीक केले आणि शोधायला लागली.

मागे पाणी उतू गेलं, शेगडी चरचरली. मामाने वळूनही पाहिलं नाही. "जा, तू बारीक कर," तो मला म्हणाला. मी गेलो, शेगडी बारीक केली, सांडलेलं पाणी पुसलं, फडका पिळून वाळत घातला आणि परत आलो.

मामी अजून त्याच शब्दावर होती. आणि मामा तिच्यासमोर, हात गुडघ्यांवर ठेवून, जागचा हलला नव्हता.